आमच्या घरची शिसवी खुर्ची

मागच्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षीणबाईंसाठी जी हातांची खुर्ची व्यासपीठावर मांडली होती, ती आमच्या घरची. कार्यक्रम संपल्यावर दूध प्यायचे सोडून निम्म्या बायका त्या खुर्चीभोवतीच होत्या. कोणी विचारले केवढ्याला घेतली, कोणी विचारले मुंबईहून आणली का. एकीने तर बसूनही पाहिले. तेव्हाच चिटणीसबाईंनी मला बजावून ठेवले की, यंदाच्या स्मरणिकेत तुम्ही या खुर्चीवर लिहायचे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याची सवय नाही, हिशेबाची वही आणि रुखवतातले उखाणे एवढेच माझे लेखन. परंतु बाईंचा शब्द मोडवत नाही. शिवाय या खुर्चीच्या निमित्ताने मला जे कळले ते एकटीने पोटात ठेवणेही जड झाले आहे.

खुर्ची आमच्या माळ्यावर होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती तिथेच, उलटी टाकलेली. एक पाय निखळलेला, अंगावर काळा ऑइलपेंट, बैठकीचे रेक्झिन फाटून आतला स्पंज पिवळ्या पिठासारखा झडत होता. दर दिवाळीला माळा झाडताना मी तिला शिव्या घालीत असे, कारण ती एकटीला उचलवत नसे. दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला बोलावले. त्याने खुर्ची दारात ठेवली, वजन पाहिले, नखाने पायाच्या आतल्या बाजूचा रंग खरवडला आणि मागितल्याशिवायच भाव दुप्पट केला. बायांनो, भंगारवाला आपण होऊन भाव वाढवतो तेव्हा समजावे की वस्तू विकायची नाही. मी त्याला जुनी पत्र्याची पेटी आणि रद्दी देऊन वाटेला लावले.

ही खुर्ची माझ्या आजेसासऱ्यांनी १९४७ साली लिलावात घेतलेली. साहेब लोक चंबूगबाळे आवरून निघाले, तेव्हा महाबळेश्वरच्या बंगल्यांतले सामान ठिकठिकाणी विकायला निघाले होते. आजेसासरे कचेरीत कारकून. जन्मभर साहेबाच्या टेबलापुढे उभे राहून कागद पुढे केलेले. घरात पुरेशी भांडी नव्हती, पण त्यांनी बैलगाडीतून वाईला आणली ती ही खुर्ची. आजेसासूबाई त्यावरून बरेच दिवस बोलत नव्हत्या असे सांगतात.

त्यांनी ती का आणली, हे मला आता थोडेसे उमगते. आपल्याकडे बसायचे म्हणजे जमिनीवर. पाट, चौरंग, जाजम, लोड, तक्क्या. लग्नातही नवरानवरी पाटावरच बसतात. पूर्वी उंच आसने नव्हती असे मात्र नाही. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिने वाचून दाखवले की अथर्ववेदात आसंदी नावाच्या आसनाचे वर्णन आहे, त्याचे पाय आणि आडव्या पट्ट्यासुद्धा सांगितलेल्या आहेत. आपण मंडळाच्या सहलीला वेरूळला गेलो होतो, तेथले दहाव्या क्रमांकाचे लेणे आठवते का? त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. आतले भगवान बुद्ध मांडी घालून बसलेले नाहीत. दोन्ही पाय खाली सोडून, थेट खुर्चीत बसावे तसे बसलेले आहेत. तेराशे वर्षांपूर्वीचे हे काम. पण उंच आसन हे देवाचे किंवा राजाचे. तुमच्याआमच्या घरात ते आले नाही.

इंग्रज इथे आले तेव्हा त्यांची पहिली अडचण याच बाबतीत झाली. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला आणि जहांगीर बादशहाकडे जाताना वाटेत बऱ्हाणपूरला शहजादा परवीझच्या दरबारात गेला. तेथे त्याने बसायला खुर्ची मागितली. उत्तर मिळाले की येथे कोणी माणूस कधी बसलेला नाही. फार तर चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहा. एवढा राजाचा वकील, पण खांबाला टेकण्यावर भागवावे लागले. पुढे पुण्याला पेशव्यांच्या दरबारातही तेच. १७९० साली मॅलेट साहेबाने सवाई माधवरावांबरोबर तह केला, त्या प्रसंगाचे मोठे चित्र टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये रंगवले. ते आता लंडनला आहे. मुलीने ते मला मोबाईलवर मोठे करून दाखवले. सारी मंडळी खाली बैठकीवर, आणि तंग विजारीतले साहेबही खालीच, पाय कुठे ठेवावे ते न समजून बसलेले. मला हसू आले. आपल्याकडे मुंबईचे पाहुणे पंगतीला बसले म्हणजे असेच अवघडतात.

पुढे पेशवाई बुडाली आणि उलटे झाले. खुर्ची साहेबाची आणि उभे राहणे आपले. साहेबाच्या भेटीला गेल्यावर कोणाला खुर्ची द्यायची आणि कोणाला नाही, याचे नियम झाले. उत्तरेकडे, पंजाब-दिल्लीच्या बाजूला, तर सरकार वजनदार लोकांना ‘कुर्सीनशीन’ असा लेखी दाखला देत असे. म्हणजे हा माणूस साहेबापुढे खुर्चीवर बसण्यास पात्र आहे! खुर्ची हा शब्दही मूळचा अरबी ‘कुर्सी’. आपण पूर्वी सत्तेला ‘गादी’ म्हणत असू. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. आता निवडणुका आल्या की जो तो खुर्चीच्या गोष्टी बोलतो. गादीची खुर्ची झाली ती याच शंभर-दीडशे वर्षांत. तेव्हा कचेरीत उभ्याने जन्म काढलेल्या कारकुनाने भांड्यांऐवजी खुर्ची आणली, याला मी तरी आता नावे ठेवणार नाही.

आता खुर्चीच्या डागडुजीकडे वळते. प्रथम एका ठिकाणी चौकशी केली, तर त्याने सांगितले की पाय कापून नवे जोडू आणि वरून चकचकीत रंग मारून देऊ. मी घाबरून परत आले. असेच काम पूर्वी कोणीतरी करून ठेवले होते. निखळलेल्या पायात चार मोठे खिळे ठोकलेले, ते गंजून लाकूड तडकले होते. शेवटी ब्राह्मणशाहीतल्या मैत्रिणीने तिच्या माहितीचे एक वयस्कर सुतार सुचवले. आम्ही त्यांना सुतारमामा म्हणतो. त्यांनी आठ दिवस खुर्चीला हत्यार लावले नाही. नुसती येता-जाता पाहत होते. मग म्हणाले, “वहिनी, हे शिसव आहे. याला खिळा मारणारा सुतार नव्हे.”

रंग खरवडल्यावर आतून जे लाकूड निघाले ते पाहून मी चहाचे आधण विसरले. जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा, जणू इरकली लुगड्याचा पोत. पाठीच्या वरच्या पट्टीवर वेलबुट्टी आणि दोन पक्षी कोरलेले. ऑइलपेंटात ते पक्षी पार बुजून गेले होते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८५० च्या आसपास, मुंबईत असे शिसवी कोरीव सामान फार होत असे. आकार विलायती आणि कोरीव काम आपल्या कारागिरांचे. साहेब लोक त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणत, मुंबईचे काळे लाकूड. इंग्रज घेत तसे मुंबईचे श्रीमंत पारशीही घेत. आमची खुर्ची त्याच घराण्यातली, फक्त गरीब शाखेतली, कारण खऱ्या श्रीमंत खुर्चीत बोटभर जागा कोरल्यावाचून सोडत नसत असे सुतारमामा म्हणाले. आपल्या लाकडाचे परदेशातही कौतुक होतेच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ नावाचे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षे! आणि आमच्या प्लायवुडच्या कपाटाला तिसऱ्या पावसाळ्यात वाळवी.

सुतारमामांनी सांधे कसे सोडवले ते सांगण्यासारखे आहे. जुन्या खुर्चीत एका लाकडाला जीभ काढून दुसऱ्याच्या भोकात बसवतात आणि सरसाने चिकटवतात. सरस म्हणजे जनावरांची हाडे-कातडी उकळून केलेला डिंक. त्याचा गुण असा की ऊब आणि ओल दिली की तो पुन्हा मऊ होतो. मामा गरम पाण्यात कापड पिळून सांध्यावर ठेवीत, जशी आपण मुलाच्या कानाला शेक देतो, आणि थोड्या वेळाने सांधा हलकेच हलवीत. एकही सांधा मोडला नाही. ज्या पायात खिळे होते तोच पाय तेवढा चिरला. आजकालचा डिंक फार घट्ट, पण सोडवायचा म्हटला तर लाकडासकट तुटतो. जुन्या माणसांनी पुढच्या दुरुस्तीची सोय आधीच करून ठेवली होती.

बैठक उसवायचे काम मात्र मी स्वतः केले. मजुरी वाचावी हा हेतू. पण ते काम म्हणजे उत्खननच झाले. सर्वांत वर रेक्झिन आणि स्पंज, हे माझ्या सासऱ्यांनी १९७८ च्या सुमारास घातलेले. हा स्पंज म्हणजे पॉलियुरेथेन नावाचा पदार्थ, तो १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधला. नवा असताना मऊ, पण वय झाले की पीठ होतो. त्याखाली हिरवे जाड कापड. त्याखाली तरट, मग काथ्या, आणि काथ्यात मिसळलेले काळे राठ केस. मी किंचाळलेच. ते घोड्याच्या शेपटीचे केस होते. ते दबले तरी पुन्हा उसळतात म्हणून जुने कारागीर भरत असत. त्याच्याही खाली गंजलेल्या स्प्रिंगा, नवारीच्या पट्ट्यांवर सुतळीने बांधलेल्या. स्प्रिंगांची बैठक विलायतेत १८२० ते ३० च्या दरम्यान निघाली आणि मग जगभर पसरली. काथ्यात एक भोकाचा पैसा सापडला, १९४४ सालचा. महायुद्धात तांबे कमी पडले म्हणून १९४३ पासून मधे भोक पाडलेले पैसे निघाले होते, ते पुष्कळ बायकांनी आजीच्या गाठोड्यात पाहिले असतील.

आणि सगळे काढल्यावर चौकटीच्या कडेने बारीक बारीक भोकांची रांग दिसली. सुतारमामा पाहून म्हणाले, “अहो, ही आधी वेताची होती!”

वेताची गोष्ट वेगळीच आहे. वेत हा आपल्या पूर्वेकडच्या देशांतल्या जंगलांचा. इंग्लंडात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून गेला आणि १६६४ च्या सुमारास तेथे वेताच्या खुर्च्या वापरात आल्या. त्या इतक्या खपल्या की लोकरीचे कापड करणाऱ्यांचे धाबे दणाणले, कारण खुर्च्यांवर लोकरी कापड चढवायचे बंद झाले. त्यांनी पार्लमेंटकडे तक्रार नेली की या खुर्च्यांवर बंदी घाला. वेतवाल्यांनी उलट सांगितले की आमच्या खुर्च्या टिकाऊ, हलक्या, आणि त्यांत धूळ, किडे, कसर होत नाही. हे बायकांनी लगेच ओळखावे. गादीची खुर्ची म्हणजे ढेकणांची धर्मशाळा, हे आपल्या आयांना पार्लमेंटने सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे उकाड्यातही वेत सुखाचा, पाठीला वारा लागतो. म्हणून डाकबंगल्यांतल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या वेताच्याच असत.

आणि आपल्या भागाचा यात एक जवळचा धागा आहे. महाबळेश्वरला मालकम साहेबाने वस्ती वसवली, तेथे एकेकाळी चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. समुद्रापलीकडून शिक्षा होऊन आलेली ही माणसे. त्यांनी डोंगरात बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, आणि वेता-बांबूच्या सुबक वस्तू केल्या. आपण पर्यटकांच्या नावाने बोटे मोडतो, पण त्या बाजाराचा पाया असा कैद्यांच्या हातांनी घातला गेला. त्यांतल्या कोणाची नावे राहिली नाहीत.

आता घरात वाद सुरू झाला. सुतारमामा म्हणाले, मूळची वेताची, तर वेतच विणून घ्या. विणणारे मिळतात. अंधांच्या शाळांतून हे काम पिढ्यानपिढ्या शिकवत आले आहेत, कारण विणीची वाट डोळ्यांपेक्षा बोटांना चांगली कळते. मलाही ते पटत होते. आमचे हे म्हणाले, स्पंज घाला, स्वस्तात होईल. आणि कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेल्या सासूबाई, ज्यांना या वादाशी काही देणेघेणे नाही असे आम्ही धरून चाललो होतो, त्या एकदम म्हणाल्या, “अगं, काथ्याचीच गादी कर. जुनी होती तशी. त्यावर कंबर धरत नसे.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. कारण आमच्या घरात पक्के सांगितले जाते की त्या खुर्चीवर मामंजींशिवाय कोणी कधी बसले नाही. मुलांनासुद्धा शिवायची बंदी होती. सुनेची तर गोष्टच सोडा. सासूबाई १९६० साली या घरात आल्या, तेव्हा वडील माणसांसमोर बायकांनी उंच आसनावर बसायचे नाही अशीच रीत होती. हे पुष्कळ घरांत होते.

मी उठून आतून काचेची बाटली आणली. हिरवे कापड उसवताना, बैठक आणि पाठ यांच्या फटीत मला सात काळे मणी सापडले होते. आणि एक शिवणाचे टोपण. मला वाटले होते की कोणा पाहुणीचे असतील. बाटली मी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मणी तळहातावर घेतले, मोजले. म्हणाल्या, “नऊ होते. दोन मला तेव्हाच सापडले.”

मग हळूहळू त्यांनी सांगितले. दुपारी पुरुषमंडळी कचेरीत, आजेसासूबाई झोपलेल्या. तेवढा तास-दीड तास त्या माजघराचे दार लोटून घेत आणि खुर्चीवर बसून पोलकी शिवत. थोरला दीर वर्षाचा असताना त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पोराने गळ्यातली पोत ओढली, दोरा तुटला, मणी फटीत गेले. तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज. त्या उठून चुलीपाशी गेल्या आणि पोत बळकट नव्हती म्हणून तुटली असे सांगितले. मंगळसूत्र तुटणे अशुभ म्हणून आजेसासूबाईंनी त्यांना पाच शुक्रवार उपास करायला लावले. “उपास केले,” सासूबाई म्हणाल्या, “पण बसायचे काही सोडले नाही.” हे सांगताना त्या लाजल्या. त्र्याऐंशी वर्षांचे वय, मामंजी जाऊन पन्नास वर्षे झाली, तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहिले.

त्यानंतर वाद उरलाच नाही. नवी नवार ताणून घेतली, स्प्रिंगा बदलल्या, वर तरट आणि काथ्या. घोड्याचे केस मी रिठ्याच्या पाण्यात धुऊन चार उन्हे देऊन पुन्हा घातले, कुशनवाला नको नको म्हणत होता. वर कापसाचा पातळ थर. कापडाचा प्रश्न आला, तेव्हा दुकानातले मखमली नमुने भाव ऐकूनच परत केले. माझ्या रुखवतात आलेली एक सोलापुरी चादर न वापरलेली होती. जाड, घट्ट विणीची, डाळिंबी रंगाची. तीच बेतली. कुशनवाल्याने नाक मुरडले, पण बारीक चुका मारून वर गोट लावल्यावर त्यानेच फोटो काढून घेतला.

पॉलिश लाखेचे. हेही आपल्याच देशाचे देणे. पळस, बोर, कोशिंब या झाडांवर बारीक किडे राळ सोडतात, ती गोळा करून, वितळवून तिचा चपडा करतात. आजही झारखंड आणि छत्तीसगडच्या बाजूला हा धंदा चालतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लाकडावर चढवतात, अळशीच्या तेलाचा थेंब घेत घेत. साहेब लोक त्याला ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतात. नाव फ्रान्सचे, लाख आमची. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही याच लाखेच्या असत. सुतारमामांनी वीस-बावीस हात दिले, दोन हातांमध्ये वाळायला वेळ देत. पावसाळी हवेत पॉलिशवर पांढरट छटा येते म्हणून मधे पंधरा दिवस काम थांबले होते.

एकूण खर्च नऊ हजार चारशे रुपये झाला. त्यात सुतारमामांची मजुरी साडेपाच हजार. आमचे हे पहिले दोन दिवस गप्प होते, आता पाहुणे आले की शिसवाच्या रेघा तेच दाखवतात.

खुर्ची आता माजघरात खिडकीपाशी आहे. सासूबाईंचे गुडघे धरतात, खाली बसवत नाही, म्हणून सकाळचे तांदूळ निवडणे त्या तिथेच करतात. सात मणी त्यांनी नव्या दोऱ्यात ओवून घेतले आणि माझ्या मुलीच्या डब्यात ठेवले आहेत. मंडळाला खुर्ची पुन्हा हवी असेल तर जरूर न्यावी, फक्त दुपारी एक ते अडीच सोडून. ती त्यांची वेळ आहे.